मोहिनीच्या रविवारच्या गाड्या

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. शहादा

उद्या रेगेन्सबुर्ग. सकाळची साधी गाडी, तासाभराचा प्रवास.

मुलगी मोहिनी जर्मनीत नर्स आहे, न्युरेंबर्गला. महिन्याचा एक पास काढला की सगळ्या साध्या गाड्यांत चालतो, जलद गाडीत नाही. म्हणून तिच्या रविवारच्या फिरण्यासाठी दर शनिवारी मी फोनवर तिकडच्या वेळा बघतो, कागदावर मांडतो आणि कागदाचा फोटो तिला पाठवतो. एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. एवढंच जमतं, बाकी आता काही जमत नाही.

परक्या मुलखात पोरीनं खोलीत कुढत बसू नये.

रविवार, ९ नोव्हेंबर

फोटो आला— पुन्हा स्टेशनाचाच! डोळ्यांवर गॉगल. नोव्हेंबरात? नदी बघितलीस का विचारलं. ‘बघितली आप्पा, छान शे.’ बस, एवढंच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कळसाडीहून मेव्हणा भटू केळी घेऊन आला. ‘दाजी, कितला दिन घरमा बसशात? चाला तोरणमाळले.’ गुडघे दुखतात म्हटलं. खरं म्हणजे बायको, कोकिळा, गेल्यापासून, दहा महिने झाले, दाढी करणंसुद्धा जिवावर येतं.

तोरणमाळची, डोंगरावरची गाडी मी स्टँडवर रोज पुकारायचो. कोकिळा म्हणायची, एकदा आपणही बसू की त्यात. रविवारी जादा गाड्या, सुट्टी कशी घेणार? राहूनच गेलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

उद्या रोथेनबुर्ग. दोनदा गाडी बदलायची. स्टाइनाखला आठ मिनिटं मिळतात. पुष्कळ झाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

स्टाइनाखला उतरलीच नाही! थेट वुर्झबुर्गला पोचली. ‘डोळा लागला आप्पा.’ सकाळच्या गाडीत कसा डोळा लागतो? फार बोललो तिला. आयतं जोडून दिलेलंही पाळता येत नाही म्हणालो. ती मग हळूच म्हणाली, पुढल्या रविवारचं काय काढलंत?

गुरुवार, २० नोव्हेंबर

भटूचा फोन. पोरीनं मामाला सांगितलंय, मला नाही.

‘दाजी, ती शनवारी रातभर ड्युटी करस. सकायले तठूनच गाडी धरस, गाडीमाच झोपस.’

मग जातेच कशाला, मी विचारलं.

‘म्हनस, आप्पा शनवारले कागद लिसन बसतस. मी नाही गऊ ते तेबी सोडी देतीन.’

ती गेली नाही तर मी कागद घेऊन बसणंही सोडीन, ही तिची भीती. फोन ठेवला. जेवलो नाही. मी तिला खोलीतून बाहेर काढतोय समजत होतो, आणि ती पोर जागरण करकरून मला सांभाळत होती. वर मी तिला बोललो. लाज वाटते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कागद काढला. एकच ओळ— शहादा ते तोरणमाळ, आणि परतीची वेळ.

रविवार, २३ नोव्हेंबर

दाढी केली. खिडकीची जागा मिळाली. मोहिनीला स्टँडचा फोटो पाठवला आणि लिहिलं— तू झोप, आज मी जातोय.