समोरची फळी

२ मार्च

ति. वन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

लग्न होऊन मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्ही मला दारातच बाजूला घेऊन सांगितलं होतंत, की याला पाण्यापासून तोडू नकोस, नाहीतर घरात पूर येईल. मला वाटलं, मोठी नणंद आहे, काहीतरी भारदस्त बोलायला हवं म्हणून बोलल्या असतील.

आज ते वाक्य आठवलं, कारण बातमीच तशी आहे. घाबरू नका, हे ठीक आहेत. गेल्या रविवारी तळ्याच्या मधोमध यांना चक्कर आली. वल्ही सुटली, होडी आपली आपण वाहत काठाला लागली आणि बोटशेडच्या रखवालदाराने यांना धरून वर आणलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. कानातला तोल बिघडलाय म्हणे. घरात, यांच्या दवाखान्यात काही धोका नाही, पण पाण्यावर एकट्याने जायचं नाही. शेडवाल्यांनीही बजावलं, की बरोबर वल्हवता येणारं दुसरं माणूस हवं, नुसतं बसणारं चालणार नाही. असं माणूस आपल्याकडे कुठलं? लेक तिकडे दूर नोकरीला, आणि मी तर भरलेल्या बादलीलाही वचकून असते. तेव्हा होडी विकायची ठरली. शेजारच्या औषधवाल्यांच्या जावयाला ती हवी आहे. एप्रिलअखेर येऊन घेऊन जाईल.

वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं? मला आनंद झाला. इतकी वर्षं दर रविवारी सकाळी दारात सवत येऊन उभी राहावी, तशी ती होडी. हे तिच्याकडे जाणार, दुपार उलटल्यावर ओल्या विजारीने परत येणार, जिन्यावर चिखल उमटवणार आणि वर जेवायला काय आहे म्हणून विचारणार. आता आमचाही रविवार चारचौघांसारखा होईल. होडीतल्या गादीची खोळ मी शिवली होती, ती तेवढी काढून घेईन म्हणते. कापड चांगलं जाड आहे, कुणाच्या तरी खिडकीला होईल.

तुमचे गुडघे कसे आहेत? माया आहे ती तशीच राहू द्या आणि या खेपेला उत्तर जरा लवकर टाका.

तुमची भावजय

१० मार्च

चि. सौ. पडदेवालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. त्याला चक्कर आली हे वाचून जीव खालीवर झाला, आणि पुढे तुला आनंद झाला हे वाचून हसू आलं. अगं, सवत गेली म्हणून एवढी नाचू नकोस. सवतीचा एक फायदा असतो, नवरा निम्मा वेळ तिच्याकडे असतो.

तुला त्याचं लहानपण माहीत नाही. एकदा गोवर आला म्हणून त्याला घरात कोंडलं होतं. त्याने कपाटाचं दार बिजागरीसकट काढून ठेवलं आणि मांजरीचे दात मोजले. तिथेच आम्ही ओळखलं, की हा पुढे कोण होणार. आता तर दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून एकट्यानेच बोलायची त्याला सवय. ज्यांना उत्तर देता येत नाही अशांशी तो इतका बोलतो, की घरी येईपर्यंत त्याचं बोलणं संपलेलं असतं, हात मात्र शिल्लक असतात. ते हात तू रविवारी कुठे ठेवणार आहेस, याचा काही विचार केलास का?

माझे गुडघे जिना चढताना मला ऐकू येतात, उतरताना शेजाऱ्यांना. बाकी ठीक.

त्याला वेळेवर गोळ्या दे. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच टोचून लिहिते, हे वेगळं सांगायला नको.

तुझी वन्सं

२४ मार्च

ति. वन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पूर आला.

माझ्या गिऱ्हाइकांना रविवारीच सवड असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बायका येतात, कापड बघतात, चहा होतो, सासू-सुना-मुलं सगळ्यांचा समाचार घेतला जातो, आणि जाता जाता पडद्याचं मापही ठरतं. आता मधल्या खोलीत हे बसलेले. कोपऱ्यावरच्या बँकवाल्या बाई साटीन निवडत होत्या. यांनी त्यांना सांगितलं, की हसताना वरची डावी दाढ दिसते आणि ती फार दिवस टिकणार नाही. बाई पुन्हा हसल्या नाहीत. साटीनही घेतलं नाही.

मग यांनी घरभरच्या पडद्यांच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. होडीच्या गाठीने. ओढावं तितकी ती आवळत जाते. पुढच्या खोलीची खिडकी मला कात्री घेऊन उघडावी लागली. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवलेत, त्यामुळे आता मीठ शोधायला यांनाच हाक मारावी लागते, आणि त्यात यांना कोण समाधान!

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नाही ती दुपार. जेवण झालं की आम्ही दोघं समोरासमोर बसतो. हे म्हणतात, चहा चांगला झालाय. मी हो म्हणते. मग दोघंही खिडकीकडे बघतो. भांडण नाही हो आमचं, भांडायलाही विषय लागतो. पूर्वी ओली विजार होती, चिखल होता, उशीर होता. आता सगळं कोरडं आहे. लेक घरात होती तोवर तिच्या निमित्ताने तरी बोलणं व्हायचं. आता कळतंय, की आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, तिच्याशी बोलत होतो आणि दुसऱ्याला ऐकू जात होतं. वन्सं, मला भीती वाटते. होडी गेल्यावर पुढची सगळी वर्षं अशीच खिडकीकडे बघत जायची का?

म्हणून हात जोडून सांगते, होडी विकू नकोस म्हणून तुम्ही यांना लिहा. मी सांगितलं तर यांना वाटेल, मी घराबाहेर काढतेय. (काढतेच आहे.) आणि तुम्ही इथेच राहायला या. लहानपणी नदीत तुम्हीच यांना वल्हवायला शिकवलंत ना? रविवारी तुम्ही दोघं जा. गुडघ्यांना रोज शेक देईन, जिना चढायला हात देईन, टोमणे निमूट ऐकीन.

नाही म्हणू नका. तुमच्या शब्दावर डोळे लावून बसलेली,

भावजय

३१ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. होडी विकू नकोस, हे तू तुझ्या मनाने लिहिलेलं नाहीस. तुला पडद्याच्या दोऱ्या आणि मिठाचा डबा इतक्या लांबून कसा दिसला असता? तिला मी घराबाहेर हवा आहे. तिचं काही चुकत नाही. परवाच्या रविवारी माझा मलाच कंटाळा आला.

पण होडी ठेवून करू काय? दुसरं माणूस हवं. तू येणार नाहीस, कारण तू आलीस तर आपण वल्ह्यांवरून भांडू. आणि हिला मी विचारणार नाही.

तुला एक सांगतो, तिला कळवू नकोस. लग्नानंतर महिन्याभरात मी तिला एकदा तळ्यावर नेलं होतं. समोरच्या फळीवर बसली, होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि घाबरून बोलायला लागली. थांबेचना. शाळेत कुणाची पेन्सिल लपवली, वडील रागावले की कुठे दडून बसायची, मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं नाक आवडलं नव्हतं पण कान बरे वाटले, सगळं. काठ जवळ आला तशी मी मुद्दाम आणखी एक फेरी मारली. उतरल्यावर तिने सांगितलं, की पुन्हा जन्मात पाय ठेवणार नाही. मी आग्रह केला नाही. एकदा मिटलेलं तोंड जबरदस्तीने उघडायला गेलं, की माणूस बोटाला चावतो, हे माझ्या धंद्याने मला शिकवलंय.

त्यानंतर तिला इतकं बोलताना मी पाहिलं नाही. निदान माझ्याशी तरी नाही. ती फळी तेव्हापासून रिकामी आहे. मी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवतो.

औषधवाल्यांच्या जावयाला मी शब्द दिलाय. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. प्रकृतीला जप आणि थोरलेपणाने रागव, पण रागावत राहा.

तुझा धाकटा

६ एप्रिल

चि. सौ. पडदेवालीस,
अनेक आशीर्वाद.

त्याने तुला कळवू नकोस असं लिहिलंय, म्हणून लगोलग कळवते. जे खरंच कुणाला कळू नये असं वाटतं, ते माणूस बहिणीला लिहीत नाही. त्याचं पत्र सोबत जोडलंय. वाच, आणि वाचून झाल्यावर हे पुढचं वाच.

मी येणार नाही. गुडघे हे कारण आहेच, पण ते नसते तरी आले नसते. दुसऱ्याच्या संसारातली रिकामी फळी नणंदेने अडवायची नसते.

तुला होडीतलं एक साधं तंत्र सांगते. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. पुढे काय आहे ते त्याला दिसत नाही, त्याला दिसतं ते समोरच्या फळीवरचं माणूस. तास-दोन तास, दुसरीकडे बघायची सोयच नाही. माझ्या मते तू पाण्याला भीत नाहीस, त्या फळीला भितेस. घरात तो तुझ्याकडे बघायला लागला, की तुला दूध बघायला उठून जाता येतं. होडीत दूध उतू जात नाही.

रागावलीस तर राग. तुझा राग फार टिकत नाही, शिलाईसारखा टिकला असता तर मी सांभाळून लिहिलं असतं. पत्र धाड, मग ते शिव्यांचं असलं तरी चालेल.

तुझी वन्सं

२२ एप्रिल

अहो,

नवऱ्याला सा. न. वि. वि. लिहावं की आणखी काही, हे ठरेना, म्हणून जी हाक मारते तीच लिहिली. एकाच घरात राहून पत्र पाठवते आणि तेही दवाखान्याच्या पत्त्यावर, म्हणून हसाल. हसा. घरी सांगायला गेले असते, तर मध्येच उठून दूध बघायला गेले असते.

वन्संनी तुमचं पत्र मला पाठवलं. त्यांच्यावर चिडू नका, मी तुमच्या वाटचंही चिडून घेतलंय. त्या दिवशी औषधवाल्यांच्या पडद्याला उलट्या बाजूने अस्तर लावलं आणि सगळं उसवत बसले. पेन्सिलीची गोष्ट तुमच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही तेव्हा काठ किती लांब आहे ते बघत होतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी पडदे पोचवायला जाते, असं सांगून जात होते. एकही पडदा पोचवायचा नव्हता. मी शेडवर जात होते. रखवालदाराच्या बायकोने शिकवलं. पहिल्या दिवशी ती हसून हसून खाली बसली, कारण कात्री धरून धरून माझा उजवा हात जड झालाय आणि त्यामुळे होडी सारखी डावीकडेच वळते. मी एकाच जागी गोल गोल फिरत राहिले. आता सरळ जाते. म्हणजे बऱ्यापैकी सरळ. वल्हवता येणारं माणूस म्हणून शेडवाल्यांनी माझं नाव नोंदवून घेतलंय, जरा कुरकुरत.

गैरसमज नको. मला होडी आवडलेली नाही. आवडणारही नाही. तळव्यांना फोड आलेत, पाठ धरलीय, पाण्याचा तो शेवाळाचा वास डोक्यातून जात नाही, आणि होडी जरा कलली की मी देवापासून डेंटिस्टापर्यंत सगळ्यांचा धावा करते. तुम्हाला जे सुख वाटतं ते मला कळलेलं नाही, आणि या वयात कळेल असंही वाटत नाही. पण दुपारी खिडकीकडे बघत बसण्यापेक्षा तुमच्याकडे बघत घाबरलेलं मला परवडेल.

औषधवाल्यांकडे मी जाऊन आले. जावई ठरल्याप्रमाणे एप्रिलअखेरपर्यंत थांबेल, त्यापुढे नाही. तेव्हा निर्णय या रविवारी व्हायला हवा.

तुम्ही लगेच म्हणाल, की बरं, तू समोर बस, मी वल्हवतो. ते नको. चक्कर तुम्हाला येते. आणि फळीवर बसून मी एकदा सगळं बोलून घेतलंय. तुमचं अजून काहीच ऐकलेलं नाही. उघड्या तोंडाच्या माणसांना तुम्ही दिवसभर काय काय सांगता, ते मला एकदा ऐकायचंय.

मला माहीत आहे, तुम्ही नाही म्हणणार. त्या वल्ह्यांना तुम्ही लेकीलाही कधी हात लावू दिला नाहीत, आणि डावीकडे वळणाऱ्या बाईच्या हाती ती देण्यापेक्षा तुम्ही होडी विकून मोकळे व्हाल. तरी विचारते. रविवारी तुम्ही समोरच्या फळीवर बसा, कुठे वळायचं ते मला सांगू नका, आणि वल्ही माझ्याकडे द्या.