कफेनियोतली एक खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या. माझी एकही नाही!

आज कप द्यायला गेले, गुडघ्यात कळ आली, म्हणून ह्यांचे दोस्त शाम भिया बसतात त्यांच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर टेकले. मिनिटभर. ह्यांनी बघितलं. सगळे गेल्यावर म्हणाले — "भानू, तिकडे कफेनियोत बायका बसत नाहीत गं. एकेक रीत असते."

तिकडे म्हणजे ग्रीस. पिरिअसच्या गोदीत हे वेल्डर होते — आमची अबोली पाळण्यात होती तेव्हापासून तिचं लग्न ठरेपर्यंत. मी इथे छत्रीबागेतल्या घरी सासूचं केलं, पोरीचं केलं. हे परत आले ते लांब दांड्याचं पितळेचं भांडं, एक मण्यांची माळ आणि ही रीत घेऊन. माळेत देव नाही, नुसती बोटांत खेळवायची. कफेनियो म्हणजे तिकडचा कॉफीचा अड्डा. म्हातारे सकाळी येतात, एका कपावर दुपार करतात, सोंगट्या खेळतात, सरकारला शिव्या देतात. कुणी ऊठ म्हणत नाही. तसाच अड्डा ह्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत मांडला. दुकान नाही, शौक!

रीत तिकडची. गुडघे इथले.

५ नोव्हेंबर

आज वादावादी. सुधाकरराव शाळेत इतिहास शिकवायचे, अजून सुटला नाही. म्हणाले, "अच्युत, ही तुर्की कॉफी आहे. उगाच ग्रीक ग्रीक काय करतोस?" हे चिडले. मग कबूल केलं — तिकडेही पूर्वी तुर्कीच म्हणायचे. मग तुर्कांशी सायप्रसवरून भांडण झालं आणि नाव बदललं. कॉफी तीच, भांडं तेच, फेस तोच. बोस्नियावाले म्हणतात आमची, आर्मेनियावाले म्हणतात आमची.

शाम भिया म्हणाले, "मतलब पोहे वही, ठेला बदल गया!" सगळे हसले.

मी आत गॅससमोर उभी. एकेक कप वेगळा करावा लागतो. साखर पाण्यातच, आधी टाकायची, मागून घालून ढवळली की खालचा गाळ वर येतो. म्हणून प्रत्येकाचं लक्षात ठेवायचं — ह्यांची मेत्रियो, म्हणजे मध्यम. सुधाकररावांची कमी. शाम भियांची सरबतासारखी. फेस चढला की उचलायचं. क्षणभर नजर हलली की गेली उतू.

सगळ्या देशांनी नाव दिलं. उकळणारीचं कुणी दिलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पिरिअसहून फोन. ह्यांच्या मित्राची, यानीची आई गेली. हे आत येऊन म्हणाले, "आज सगळ्यांना बिनसाखरेची कर. तिकडे माणूस गेलं की आलेल्याला तशीच देतात. कडू. गोड वर्ज्य."

बाहेर सगळ्यांनी तोंडं वाकडी करून प्यायली. सुधाकरराव म्हणाले, आपल्यात कडू घास असतो तेच हे. शाम भिया म्हणाले, "हमारे यहाँ कड़वी रोटी।" मग कुणी सोंगट्याही मांडल्या नाहीत.

हे त्या म्हातारीसाठी रडले. तिच्या हातचं जेवलेत म्हणे. माझ्या हातचं जेवतात त्याचं काय?

१२ नोव्हेंबर

पाटी आली! "अच्युतजींचा कफेनियो". लाकडाची, निळ्या अक्षरांची. मनीष म्हणून कुणी पोरगा आहे, खाण्याचे व्हिडिओ काढतो. सराफ्यातल्या खाऊगल्लीतलं सगळं काढून झालं, आता आमच्याकडे येणार रविवारी. त्याच्यासाठी पाटी.

मी म्हटलं, पाटीवर माझं नाव का नाही? म्हणाले, "अगं, घराचीच पाटी आहे ती. तुझं काय, माझं काय."

मग माझंच टाकायचं होतं!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहून टाकते, नाहीतर रात्रभर डोक्यात फिरत राहील.

मनीष आला. कानाला काहीतरी लावलेलं, तोंड सतत चालू. ह्यांच्या हातात रिकामं भांडं दिलं, "अंकलजी, थोड़ा हिलाओ।" ह्यांनी हलवलं! रिकामं! "वाह अंकलजी, हाथ में जादू है।" ह्यांनी नाही म्हटलं नाही. माळ खेळवत बसले.

मी पहिला कप घेऊन गेले तर — "आंटीजी, ज़रा साइड में, फ्रेम में आ रहे हो।"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते. मग हळूच हाताने खूण केली. आत जा.

गेले आत. राहिलेल्या सगळ्या कॉफ्या केल्या, फेस वर आणला आणि साखर एकातही टाकली नाही. पिऊ देत! त्या कॅमेऱ्यापुढे तोंडं वाकडी होऊ देत. मनात दुसरं काही नव्हतं, खरंच. राग होता.

ट्रे ठेवून आले. हे पहिला घोट प्यायले असतील. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. हे आत. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?"

मला आधी कळेचना. "कोण गेलं भानू? फोन आला होता का? अबोली ठीक आहे ना?"

तेव्हा लक्षात आलं — बिनसाखरेची. सगळ्यांना. ह्यांना वाटलं, कुणी गेल्याचं मी सांगतेय.

साखर विसरले म्हणायचं होतं. तोंडातून वेगळंच निघालं. म्हटलं, "मी गेले. कधीचीच. तुम्हाला आत्ता कळलं."

गॅसवर मागून ठेवलेली एक कॉफी उतू गेली. त्यांनी गॅस बंद केला. बाहेर मनीष ओरडत होता, "अंकलजी, एक रिएक्शन और!" हे गेले नाहीत.

१७ नोव्हेंबर

सकाळी म्हणाले, "माझी बिनसाखरेची कर."

बरं.

२१ नोव्हेंबर

रोज बिनसाखरेची. चहासुद्धा. टोमणा मारतायत मला! बोलून नाही, पिऊन. आयुष्यभर मेत्रियो प्यायलेला माणूस. घोट घेतला की ओठ दाबून धरतात आणि खिडकीबाहेर बघतात. मी विचारणार नाही. मेले तरी नाही.

व्हिडिओ आला. अबोलीने सासरहून, राऊहून फोन केला — "आई, बघितलास? तुझा हात दिसतोय!" बघितला. कप ठेवणारा हात, बांगड्यांपर्यंत. व्हिडिओच्या पहिल्या चित्रात वरून हिरवा चष्मा चिकटवलेले हे आणि मोठ्या अक्षरांत "ग्रीक कॉफी के जादूगर". काल दोन पोरी पाटी शोधत आल्या. ह्यांनी दारातूनच परत पाठवल्या. म्हणाले, "अभी बंद है।" बंद कसलं? आत चौघं बसलेले!

२९ नोव्हेंबर

बोलणं नाही. "भाजी." "किल्ली." "दार लाव." एवढंच.

४ डिसेंबर

दत्तजयंती. अबोली आली होती. शिरा केला. ह्यांना शिरा म्हणजे जीव. प्रसादाची वाटी कपाळाला लावली आणि अबोलीला देऊन टाकली! अबोली घाबरली, "बाबा, शुगर निघाली का? टेस्ट करून घ्या ना." म्हणाले, "नाही गं. सोडलंय सध्या."

सध्या! दत्ताच्या प्रसादाला नाही म्हणतात का कुणी? माझ्यावर राग तर माझ्यावर काढा. देवावर कशाला?

भांडी आपटून घासली. ऐकू जावीत म्हणून.

७ डिसेंबर, रविवार

सुधाकरराव स्वयंपाकघराच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चप्पल काढून उभे. हे बाहेर सोंगट्या मांडत होते.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका. आम्ही अच्युतला म्हटलं, अरे किती दिवस हे कडू? तर म्हणाला, घरातलं माणूस गेलंय. आम्ही हादरलो. शाम तर उठून उभा राहिला. कोण गेलं? तर म्हणाला — भानू. तीच म्हणाली."

मी गॅस बारीक केला.

"मी म्हटलं, येड्या, ती आत कांदा कापतेय! तर म्हणाला, हो. पण ती खोटं बोलत नाही." मग सुधाकरराव चपलेकडे बघत म्हणाले, "तिकडे मेलेल्यासाठी चाळीस दिवस पाळतात म्हणे. आम्हाला काही सुचेना वहिनी. म्हणून आलो."

गेले ते.

मी कांदा तसाच ठेवला. आधी रडू आलं. मग असा संताप! मेल्यावर सुतक पाळतील, शिरा सोडतील, पोरींना दारातून परत पाठवतील — आणि जिवंत होते तेव्हा एक खुर्ची नाही सरकवली! हे कसलं प्रेम म्हणायचं? मला मारून टाकून मग माझ्यासाठी कडू पितायत. आणि मला सांगतही नाहीत. मला वाटलं टोमणा. मी भांडी आपटत होते आणि हे आपले शोक करत बसले होते. दोघं एका छताखाली!

ह्यांना जमत नाही. "बस" म्हणायला जमत नाही ह्यांना. मरणाची रीत येते, ती करतात.

८ डिसेंबर, सोमवार

दोन मेत्रियो केल्या. बाहेर घेऊन गेले. एक ह्यांच्यासमोर ठेवली, एक हातात धरून शाम भियांच्या बाजूच्या खुर्चीत बसले. नीट. पाठ टेकून. शाम भिया उठायला लागले, मी म्हटलं, "बैठो भिया, मैं खा नहीं जाऊँगी।" सोंगट्या थांबल्या. ह्यांनी एक घोट घेतला. गोड लागली, कळलं त्यांना. कप खाली ठेवेनात.

"आलीस?" म्हणाले.

"आले," म्हटलं. "उद्या तुम्ही करा."