आपण मूळचे कुठले

पप्पा, तुम्ही चारचौघांत हात जोडून माफी मागितलीत, तो दिवस मला अजून खुपतो. आधी तुमच्यामुळे खुपायचा, आता माझ्यामुळे खुपतो, एवढाच फरक. तेव्हा आपण अंबरनाथ पूर्वेला चाळीत राहत होतो. तुम्ही आपल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक आणि शेजारच्या खोलीत बौद्ध कुटुंब. त्या घरातले काका कारखान्यातून रिटायर झाले आणि वर्षभरातच गेले. शोकसभेला चाळीसमोर मांडव घातला होता. वंदना झाली, कुणीकुणी बोललं आणि मग काकूंनी तुम्हाला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. तुम्ही उभे राहिलात आणि तुमच्या त्या चर्चमधल्या भारदस्त आवाजात म्हणालात, "देव त्यांच्या आत्म्याला चिरशांती देवो." लगेच त्यांचा थोरला मुलगा उठला. मी त्याला दादा म्हणायचे. तो चिडलेला नव्हता, आणि मला तेच जास्त झोंबलं.

"पाळकसाहेब, राग मानू नका. आपल्यात देव नाय, आत्मा पण नाय. बाबांनी जन्मभर आम्हाला हेच शिकवलं. आज त्यांच्याच फोटोसमोर ते नको."

तुम्ही हात जोडलेत. "चुकलं माझं. तुमच्या घरी येऊन मी माझंच बोललो," म्हणालात आणि गुपचूप सतरंजीवर येऊन बसलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर आई भाकरी थापत होती, तिच्यासमोरच मी तुमच्यावर तोंड टाकलं. पाळक माणसाने अशी माफी मागायची असते का, आता चाळीत काय इज्जत राहिली, असं बरंच काही. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. "इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आपण," तुम्ही म्हणालात. "ही माणसं काय मानतात, हे मी एकदा तरी विचारलं का? मला त्याची लाज वाटते. तुला कशाची वाटते गं?" मी पाण्याची बादली उचलून नळावर गेले. रांगेत माझा नंबर यायला बराच वेळ होता, तरी तिथेच उभी राहिले.

त्यानंतर तुम्ही जे सुरू केलंत त्याने तर माझं डोकंच फिरलं. रविवारची उपासना आटोपली, जेवण झालं की तुम्ही गॅलरीत स्टूल टाकून दादासमोर बसायचात. तो बोलतोय आणि तुम्ही ऐकताय. उपदेश करून करून ज्यांचा घसा बसायचा ते माझे वडील, एका फिटरसमोर पहिलीतल्या पोरासारखे मान हलवताहेत. "आत्मा नाही तर मग दुःख कोणाला होतं?" तुम्ही विचारता. दादा हसतो, म्हणतो, "साहेब, तुम्ही लय खोलात शिरता," आणि मग खरंच विचार करून सांगतो. तुमच्या प्रार्थना हळूहळू आखूड झाल्या. प्रार्थनेत मधेच थांबायला लागलात तुम्ही. मला वाटायचं, विसरताहेत. पुढे तर तुम्ही मंडळीलाही कामाला लावलंत. प्रत्येकाने एका शेजाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या धर्माबद्दल विचारायचं आणि आपलं काहीही न सांगता परत यायचं. आध्यात्मिक वाढ म्हणजे आपल्या तोंडाला थोडी विश्रांती, असं उपासनेत म्हणालात, तेव्हा फक्त आई हसली होती.

मग चर्चची पंच मंडळी आपल्या घरी आली. चहा मीच केला होता, म्हणून सगळं ऐकलं. मुख्य पंच म्हणाले, "पाळकसाहेब, सुवार्ता सांगायला जा, आमची ना नाही. पण ऐकायला कशाला जाता?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, लोक काय म्हणतील? हे मूळचे तिकडचेच, असंच ना?"

"मग त्यात खोटं काय आहे?" तुम्ही म्हणालात. "माझे आजोबा आणि त्या काकांचे आजोबा गावाबाहेर एकाच वस्तीत राहायचे. पाणी एकाच ठिकाणी वाढलं जायचं दोघांना, वरून, लांबून. आमचे मिशनच्या शाळेत गेले, त्यांची मुलं पुढे बौद्ध झाली. तुमचंही काही वेगळं नाही."

कुणी चहाला हात लावला नाही. त्या महिन्यात तीन-चार घरं दुसऱ्या चर्चला जायला लागली. तुम्हाला त्याचं दुःख झालं, मी पाहिलंय, पण बोललेलं तुम्ही मागे घेतलं नाहीत. आणि मी तुमच्या बाजूने उभी राहायचं सोडून देवाकडे मागत होते की हे माझ्या ऑफिसात कळू नये.

कारण ऑफिसात मी गोव्याची होते. सिंधी वसाहतीत, कॅम्प एकमध्ये, एका सेठच्या कापडाच्या पेढीवर मी टायपिस्ट. लागले तेव्हाच सेठने सहज विचारलं होतं, "ख्रिश्चन हो? गोवा साइड?" आणि मी मान डोलावली होती. एकदा डोलावली ती डोलावलीच. पुढे तर मी मासळीच्या आमटीचे प्रकारही सांगायला लागले. मग सेठची म्हातारी आई आजारी पडली आणि तिने पादरीसाहेबांकडून दुआ हवी असा हट्ट धरला. तुम्ही आलात. पेढीच्या वरच त्यांचं घर. तुम्ही तिच्या खाटेशी बसलात आणि आधी विचारलंत, "माताजी, आप किस नाम से पुकारती हैं?" ती म्हणाली, "झूलेलाल." "तो पहले आप पुकारिए, मैं सुनता हूँ." ती थरथरत्या आवाजात काही म्हणत राहिली, तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. मग तुमची प्रार्थना केलीत, दोन वाक्यांची. सेठच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "पादरी साब, हम सिंध छोडके आये, आप गोवा छोडके आये. बेटी ने बताया."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. "गोवा तो मैंने अभी तक देखा नहीं, सेठजी," म्हणालात आणि हसलात. सेठला वाटलं गंमत आहे, तोही हसला. परतताना मी वाट पाहत होते, आता बोलतील, आता बोलतील. घर जवळ आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "एकदा जाऊन येऊ या गं गोव्याला. निदान बघून तरी येऊ." तुम्ही मला मारलं असतं तर परवडलं असतं. गोव्याला आपण कधी गेलो नाही. तुम्ही देवाघरी गेलात त्यालाही आता एक काळ लोटला.

आता मी बदलापूरला राहते. तुमची ती सगळी शिकवण मी मंडळीत सांगते, आणि चांगली सांगते, लोक वाखाणतात. गेल्या आठवड्यात इथेच बेलवलीत एका बौद्ध घरी शोकसभेला गेले होते. आत्मा, देव, काही काढलं नाही तोंडातून. काय बोलायचं नाही ते मला पाठ आहे. निघताना एका म्हातारीने हात धरून जवळ बसवलं. माझा चेहरा निरखत, मायेने म्हणाली, "तू कुठली गं बाय? गाव कोणचं तुमचं?"

पप्पा, मी म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती." तिने गाव विचारलं होतं.