पाठ गारठली पाहिजे

५ डिसेंबर १९८६, शुक्रवार
माझ्यावर अन्याय झाला आहे. तो कुठे दाखल करावा याचं इथे बहरीनमध्ये ऑफिस नाही, म्हणून वहीत दाखल करतो. सकाळी शिडी लावून कपाटावरची बॅग उतरवली, तपकिरी स्वेटर काढला, डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकून शिंकून बेजार झालो, आणि तो अंगात घालून थंडीच्या स्वागताला गच्चीत जाऊन उभा राहिलो. थंडी आली नाही. घाम आला.
लिनेट (कन्या, इंग्रजी शाळेचं फळ) म्हणाली, "पपा, इट्स नॉट ईव्हन कोल्ड."
फिलोमिना (बायको) हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आली, बघून म्हणाली, "काढा तो. घामोळं उठलं तर माझ्याकडे पावडर मागू नका."
काढला नाही. जेवण होईपर्यंत घालून बसलो. वर पंखा फिरत होता. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ डिसेंबर
उस्मानभाई आले होते. चहा निवून गेला तरी कप उचलेनात, तेव्हाच ओळखलं. वर्कशॉपने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. व्हिसा जानेवारीअखेर खलास. वीस वर्षं इथल्या गाड्यांची इंजिनं खोलून बसवली, आता रोह्याला जायचं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी ते अजून कुलाबाच म्हणतात.
फि. म्हणाली, "भाभींना तरी बरं वाटेल."
"तिला वाटेल. पंधरा दिवस," उ.भाई म्हणाले.
जाताना दारात थांबले. "आग्नेल, थंडी पडू दे. एक पोपटी लावू. मग जातो."
म्हटलं, लावू. पडेलच की. डिसेंबर आहे.

१० डिसेंबर
पोपटी हा काय प्रकार, हे मला वसईत माहीत नव्हतं. आमच्याकडे थंडीत रताळी भाजायचे, संपलं. इथे येऊन मी बाटलो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. मडकं जमिनीवर उपडं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन उडून गेलं पाहिजे, मग झाली.
हे सगळं कुणीही शिकेल. उस्मानभाईंचा कायदा वेगळाच आहे. "पाठ गारठली पाहिजे आणि तोंड भाजलं पाहिजे. तर ती पोपटी. नाहीतर शिजवलेल्या शेंगा."
दरवर्षी ते संध्याकाळी नुसत्या बनियनवर आमच्या गच्चीत उभे राहून ठरवतात, आज की नाही. आम्ही खाली निकालाची वाट बघतो.

१४ डिसेंबर
आज निकाल: नाही. बनियनसुद्धा भिजलं होतं.
स्वेटरकडे बघत बसलो. हा मुळात उ.भाईंचा. ७३ च्या डिसेंबरात आलो तेव्हा फि.ने दिलेला स्वेटर मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. वाळवंटात कसली आलीय थंडी! आपली माणसं हीच चूक करतात, लुंग्या सहा आणि स्वेटर शून्य. तिसऱ्या दिवशी शमाल सुटला. उत्तरेचा वारा, समुद्रावरून सुऱ्या घेऊन येणारा. बाब अल बहरीनच्या मागे गल्लीत आम्ही आठ जण एका खोलीत. मी गोधडीऐवजी पेपर पांघरलेला. या अनोळखी माणसाने स्वत:च्या अंगातला स्वेटर काढून माझ्या डोक्यात घातला, वर बोलला, "शिकलेली माणसं!"
परत मागितला नाही. मी दिला नाही. झुबेदाभाभींनी हाताने विणलेला. त्या दर सुट्टीत विचारत, कुठाय तो? उ.भाईंनी सांगून ठेवलंय, शमालने दोरीवरून उडवून नेला, बहुतेक इराणात असेल.

२० डिसेंबर
सगळे खूष आहेत, याचाच राग येतो. ऑफिसात, लिफ्टमध्ये, सूकात म्हणजे बाजारात, जो तो, "काय मस्त हवा आहे!" अरे, कसली मस्त? एप्रिल ते नोव्हेंबर भट्टीत भाजून घ्यायचं ते या सहा आठवड्यांच्या भरवशावर. पगारातून एवढी रक्कम कापली असती तर युनियन काढली असती (युनियनला बंदी आहे ते सोडा). थंडी कापली तर लोक आभार मानतात.
मी मानणार नाही. लिहून ठेवतो.

२५ डिसेंबर
नाताळ. लिनेटने गोठ्यावर बर्फ म्हणून कापूस पसरला. फॅनने उडाला. योसेफाच्या दाढीला चिकटला, बाळाच्या तोंडात गेला. फि. म्हणाली, पंखा बंद करा. पाहुण्यांनी म्हटलं, नको, उकडतंय. शेवटी तीन राजे कापसावर वजन म्हणून ठेवले.
मिस्सेला सुटात भिजलो. फादरनी प्रवचनात "या कडाक्याच्या थंडीत" म्हटलं, जुन्या वर्षीचंच असावं. मला बरं वाटलं. एक तरी माणूस माघार घेत नाहीये.

३ जानेवारी १९८७
आमचे साहेब सुट्टीवरून परतले. इंग्रज, बोलतात कमी, सही मोठी. विचारलं, घरी बर्फ होता का? म्हणाले, गावात एक तळं आहे, लहानपणी नाताळात गोठायचं, पोरं घसरायची, एकदा त्यांचा दात पडला होता. आता मुलाला तिथे घेऊन गेले तर बदकं पोहत होती. मग फाइल उघडली. पान उलटेनात.
मी बर्फ पाहिलाय तो मासळीबाजारातला, सुरमईखालचा. तरी मला त्यांचं तळं दिसलं. आमचं दोघांचं एवढं संभाषण बारा वर्षांत झालं नव्हतं.

११ जानेवारी
भांडलो.
मी म्हटलं, उ.भाई, थंडीची वाट बघणं पुरे. येत्या शुक्रवारी सरळ लावू. न लावता गेलात तर?
"तर गेलो."
"हट्ट आहे नुसता."
"हट्ट तुझा. तुला पोपटी खायचीय. मला लावायचीय."
"मग रोह्याला लावा! तिथे शेत आहे, दव आहे, वाल आहे..."
मग सावकाश बोलले, "शेतात कारखान्याचं कुंपण आहे, आग्नेल. चार वर्षं झाली. तुला बोललो नव्हतो. पोरांनी जमीन दिली, चांगलं केलं, पैशाने घर झालं. पण तिथं आता कोण पोपटी लावतो? रात्रभर दिव्यांचा उजेड आणि कसला तरी वास. मी इथं लावायचो, म्हणजे लावायचो."
वीस दिवस राहिलेत आणि मला हे आत्ता कळतंय. मला वाटायचं, ते इथे गावाची आठवण काढतात. गावची पोपटी इथेच शिल्लक होती.
जाताना म्हणाले, "थंडीची भीक नाही मागणार. पण खोटी पोपटीही नाही खाणार."
यल्ला, होऊन जाऊ दे. बघू कोण जास्त हट्टी.

१७ जानेवारी
रेडिओवर वायव्येचे वारे म्हणाले. आले. नुसती धूळ घेऊन. उ.भाई बनियनवर उभे राहिले, खाली आले ते भुवया पांढऱ्या करून. निकाल विचारायची हिंमत झाली नाही.

२० जानेवारी
रोह्याचा एक गाववाला सुट्टीवरून आला. शेंगा आणि पाला घेऊन. कस्टमवाल्याने पाला हुंगला, विचारलं, हे काय? हा म्हणाला, दवा. कशावर? थंडीवर. सोडलं म्हणे, वर हसला.
पाला ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या फ्रिजमध्ये. कडा काळ्या पडायला लागल्यात. चार दिवस टिकेल, फार तर. मी म्हटलं, नाहीतर इथला मशमूम वापरू, वास छान असतो. उ.भाई म्हणाले, "तो नवरीच्या केसात माळायचा पाला. कोंबडीचं लग्न लावतोस का?"

२२ जानेवारी
ठरलं. थंडी येत नसेल तर आणायची. फि.ला सांगितलं. तिने थर्मामीटर आणू का विचारलं. मग म्हणाली, "खिडक्यांना ब्लँकेटं लावावी लागतील, नाहीतर गारवा टिकायचा नाही." तेरा वर्षांनंतर पुन्हा एकदा लग्न बरोबर बाईशी झाल्याची खात्री पटली.

२३ जानेवारी, शुक्रवार
सगळं लिहितो, विसरायच्या आत.
सकाळी मासळीबाजारातून बर्फाच्या दोन लाद्या. विकणारा विचारतो, मासे किती? म्हटलं, मफी मासे, नुसता बर्फ. त्याने मला नीट बघून घेतलं. लाद्या बाथटबमधून बैठकीत, दोन घमेल्यांत. दोन्ही एसी शेवटच्या खुणेवर, दुपारपासून. खिडक्यांना ब्लँकेटं. लिनेट म्हणाली, "यू आर ऑल मॅड," आणि स्वत:चा कोट शोधायला गेली.
मडकं गच्चीत मी लावलं, खजुराच्या झावळ्यांचा जाळ करून. पाणी तीनदा शिंपडून बघितलं, भीतीने.
उन्हं उतरताना उ.भाईंना जेवायला म्हणून बोलावलं. दार उघडलं. आम्ही तिघं शाली गुंडाळून, फि.च्या डोक्याला स्कार्फ, मी स्वेटरमध्ये. ते उंबऱ्यातच उभे. बर्फाकडे बघितलं. खिडक्यांकडे. एसीच्या घरघरीकडे.
"वीजबिल कोण भरणार?"
"तुमच्या बापाचं काय जातं?" मी म्हटलं.
शर्ट काढला. बनियनवर बैठकीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले, दरवर्षीसारखे, डोळे मिटून. आम्ही श्वास धरून. मग वाकले, लादीचा एक तुकडा उचलला आणि माझ्या कॉलरमधून आत सोडला. मी बोंबललो.
"आता गारठली," ते म्हणाले. "आण मडकं."
मडकं फोडलं, वाफ निघाली, पाल्याचा तो कडवट वास घरभर. बोटं भाजत शेंगा सोलत होतो, पाठ खरंच बर्फ झाली होती, आणि फट्. फ्यूज गेला. अख्ख्या बिल्डिंगचा.
काळोखात हाजी वर आले, आमचे घरमालक, लोकरीचा बिश्त, म्हणजे अरबी झगा, पांघरून. तोही हट्टीच, हवा कशीही असो, जानेवारीत बिश्त. मेणबत्तीत बघतात तर शाली, बर्फ, कोंबडी. "एसी? जानेवारीत?"
उ.भाईंनी अर्ध्या अरबीत समजावलं, अर्धं हातांनी. म्हातारा ऐकत राहिला. मग खाली बसला, बिश्त सावरला, एक अंडं सोलून घेतलं. "बर्द मफी," म्हणाला. थंडी राहिली नाही. "माझा बाप या दिवसांत पाण्यात उतरायचा नाही, हातपाय आखडायचे. आता नातवंडं पोहतात." आणखी एक अंडं घेतलं. फ्यूजचं बोललाच नाही.
एसी बंद, खोली हळूहळू उबायला लागली. लादी वितळून घमेल्यात टपटपत होती. उ.भाई मडक्याच्या खापरीला चिकटलेली शेवटची शेंगसुद्धा सोडायला तयार नव्हते. पण हिला पोपटी म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही.

२४ जानेवारी
गालिचा भिजलाय. फि.ला सर्दी. लिनेट शाळेत सगळ्यांना सांगून आली, आणि कुणाचाच विश्वास बसला नाही म्हणून चिडली आहे.
उ.भाईंचा फोन. इकडचं तिकडचं. शेवटी: "शेंगा बऱ्या होत्या."
एवढंच. यावर मी दोन तास विचार करतोय.

३० जानेवारी, शुक्रवार
उ.भाई गेले.
सकाळी त्यांच्या खोलीवर बॅग बांधायला गेलो. वीस वर्षं आणि दोन बॅगा. ते खाली दुकानदाराचा निरोप घ्यायला गेले तेवढ्यात माझं काम उरकलं.
मुहर्रकच्या विमानतळावर काच होती मध्ये. त्यांनी हात केला, मग वळून ओरडले, काय ते ऐकू आलं नाही. ओठांवरून "पुढच्या वर्षी" वाटलं. "पाठ" सुद्धा असेल.
येताना पुलावर गाडीची काच उघडी ठेवली. वारा अंगावर आला, गार, उत्तरेकडून. शमाल की गाडीचा वेग, ते थांबल्याशिवाय कळलं नसतं. थांबलो नाही. दात वाजले, वाजू दिले. स्वेटर अंगात नव्हता. तो उ.भाईंच्या मोठ्या बॅगेत आहे, दूधपावडरीच्या डब्यांखाली, धुऊन, घडी करून. बॅग झुबेदाभाभीच सोडतील. इराणातून परत कसा आला, ते आता उस्मानभाईंनी सांगावं.