पिठातले पापुद्रे

प्रिय तेजल,

जयभीम. तू बंगळुरूचं संशोधन अर्धवट टाकून कायमची घरी यायला निघालीस, असं तुझ्या बापाकडून, सुनीलकडून कळलं. पण माझा एक सवाल तुझ्याकडे अडकलाय, तो आधी ऐक.

दिवाळीत तुझं संशोधन मला समजवायला तू कणकेचा भरीव गोळा घेऊन त्याला कपाला असतो तसे दोन कान काढलेस. म्हणालीस, हा ओढायचा, पिळायचा, एक कान दुसऱ्यावरून सरकवायचा. तोडायचा नाही, चिकटवायचा नाही, अन् शेवटी पुन्हा तोच दोन कानांचा गोळा झाला पाहिजे. असं कितीदा केलं तरी आत रेघांचा एक जुडगा असा असतो, की एकेक रेघ हलते पण जुडगा तोच राहतो. मी विचारलं, यालाही सरकार पैसे देतं? तू हसलीस. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना.

म्हणून परवा गच्चीवर हातशेवया करताना पिठात हळदीचा ठिपका ठेवला. ओढलं, दुमडलं, पुन्हा ओढलं. ठिपक्याची रेघ झाली, रेघेच्या कैक रेघा, सगळ्या एकाच अंगाने. नव्या रेघाही जुन्यांच्याच वाटेने. शेजारची सुमनबाई म्हणाली, म्हातारीला चळ लागला, पिवळ्या शेवया कोण खाणार? म्हटलं, तू खाशील, फुकटच्या आहेत. पण हे झालं दोऱ्यांचं. तू तर सांगत होतीस, भरीव गोळ्यात दोऱ्यासारख्या रेघा वेगळ्या अन् चपातीसारखे पसरट पापुद्रे वेगळे. मग दोरा जेवढा ताणतो तेवढाच पापुद्राही ताणतो का? तेव्हा विचारलं तर म्हणालीस, आजी, त्यातच तर अडकलेय. मग अडकलेलं तसंच टाकून येतेस कशी?

हे फोनवर बोलले असते, पण फोन सुनीलच्या खिशात. तर ऐक. आजी अंथरुणाला खिळली, तिचं करायला कोणी नाही, असं त्याने तुला कळवलंय ना? खिळलेल्या बाया गच्चीवर शेवया ओढत नाहीत. खरं कारण असं, की सिन्नरहून राकेश नावाचं स्थळ तुला बघायला येतंय. कंपनीत आहे, पोरगा वाईट नाय, पण त्यांना उन्हाळ्यातच बार उडवायचाय अन् पुढे शिकणं बंद. तुला लग्न करायचं असेल तर खुशाल ये, पण माझ्या दुखण्याच्या नावाने येऊ नको. नाहीतर तिकीट परत कर, अन् पापुद्र्याचं उत्तर घेऊनच ये. तोवर मरायला मला सवड नाही.

तुझीच, धडधाकट,
विठाआजी