पाळीवरची मास्तरीण

३० जून, सोमवार

बारावीचा निकाल लागून किती दिवस झाले, समोरच्या देवरावच्या घरात अजून काही ठरत नाही. त्यांची प्रणाली आज पुन्हा येऊन बसली. पाचवीपासून माझ्याकडे इंग्रजीला यायची. आता शिकायचं काही उरलं नाही, तरी येते. मी तांदूळ निवडत होते. तिने न विचारता सूप स्वतःकडे ओढलं.

नागपूरचा मामा म्हणतो नर्सिंगला घाला, नोकरी पक्की. तिला भंडाऱ्याला डी.एड. करायचंय. देवराव म्हणतो, डी.एड. झालेली पोरं मोबाईलच्या दुकानात बसली आहेत. खोटं नाही. अड्याळला मी ज्याच्याकडे रिचार्ज करते तो डी.एड.च आहे. फार सभ्य मुलगा.

म्हटलं, नर्सिंग हीसुद्धा सेवाच की गं. मान खाली घालून खडे वेचत म्हणाली, "हाये ना काकू. पण आजारी माणसाजवळ गेली का मले भेव वाटते. लेकरांजवळ गेली का भेव निघून जाते."



३ जुलै, गुरुवार

यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू मधात नको पडू. उद्या पोरगी घरी बसली तं देवराव तुलेच विचारन." अर्धं बरोबर आहे. अर्धं बरोबर असलं की यांचा आवाज जरा मोठा होतो.

दुपारी सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. नागपूरचं बोर्डिंग, लाल ऑक्साइडची फरशी, फिनाइल आणि भिजवलेल्या चण्यांचा वास. गणित आधी सुटलेल्या मुलीला त्या न सुटलेलीच्या शेजारी नेऊन बसवत. बोलत काही नसत, नुसतं खांद्याला धरून न्यायच्या. माझा खांदा फार वेळा धरला गेला. तेव्हाच वाटायचं की मोठेपणी आपणही असंच कोणाला तरी.

मग बी.ए., मग लग्न, मग हे गाव. ओसरीवरच्या शिकवण्या. वाईट काही झालं नाही. तरी प्र. बोलायला लागली की माझं हातातलं काम तसंच राहतं.

९ जुलै, बुधवार

रोवणा लागला, धानाची लावणी सुरू. पऱ्ह्यांची रोपं हातभर झालीत, सगळ्यांना एकदमच रोवायचं आहे. कौसल्याबाईचा रोवणाऱ्या बायांचा गट यंदाही सगळ्यात आधी ठरला. प्र. आणि तिची आई सुनंदा, दोघी त्याच गटात जातात.

संध्याकाळी सुनंदा ताक न्यायला आली ती हसतच. रोवताना प्रत्येकीने आपली पात पुढे न्यायची असते, एक मागे राहिली की सगळ्या अडतात. प्र. सारखी मागे. कारण बायकांची लेकरं तलावाच्या पाळीवर बसवलेली. एक रडलं की ही बांधीच्या चिखलातून वर, दुसरं पाण्याकडे गेलं की पुन्हा वर. शेवटी कौसल्याबाई कंबर सरळ करून म्हणाली, "पोरी, तू रोवाले आली का अंगणवाडी चालवाले?" सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "जाय, लेकरं पाय. तुही पात आमी लावतो. मजुरीचा हिस्सा तुहा तुले."

सांगताना सुनंदाने पदराने तोंड पुसलं. हसू पुसत होती की दुसरं काही, कळलं नाही.

१४ जुलै, सोमवार

आज आमच्या बांध्यांत रोवणा होता. चहाची किटली घेऊन मीच गेले.

पाळीवर पळसाखाली अख्खा वर्ग. लहानमोठी सगळी. उरलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या मधोमध ठेवलेल्या. चौथीतली रोशनी, कडेवर धाकटा भाऊ, आणि ती भागाकार करत होती. खाली इतक्या बाया, इथे इतक्या जुड्या, प्रत्येकीला किती पोचवायच्या? उत्तर आलं की पळत जाऊन खरंच पोचवायच्या. चुकलं तर कौसल्याबाई खालून ओरडायची, मले कमी आली वो. मग सगळी पोरं पुन्हा हिशेबाला.

ओल्या मातीवर काडीने अक्षरं. प्र. पायाने पुसायची, पुन्हा लिहायला लावायची. आवाज चढवत नाही. हे तिला कोणी शिकवलं?

घरी येऊन यांना सांगितलं, लेकीला पुण्याला फोन करून सांगितलं, आळीतल्या दोन घरी सांगितलं. रस्त्यात देवराव भेटला त्यालाही. म्हटलं, तुमची मुलगी शिक्षिका म्हणूनच जन्माला आली आहे. तो स्वतःच्या चिखलाच्या पायांकडे बघत राहिला. "दिसते ना काकू मले. पण जागा कोठं हाये?"

१८ जुलै, शुक्रवार

शाळेचे गुरुजी घरी आले. चहा समोर ठेवला तसाच राहिला, वर साय धरली.

दरवर्षी रोवण्यात पोरं कमी होतात, ते त्यांनी धरलेलंच असतं. यंदा वर्गच नाही. ज्यांच्या घरचं कोणी रोवायला जात नाही तीही पोरं दप्तर टाकून पाळीवर. विचारलं तर म्हणतात, शाळा तिकडं भरते. शाळेची खिचडी शिजते आणि तशीच उरते. त्यात तालुक्याचे साहेब येऊन बसायच्या रिकाम्या पट्ट्या बघून गेले. दोन शिक्षकांची शाळा. पोरं अशीच दिसली नाहीत तर एकाला दुसरीकडे नेतील. मग पुढच्या वर्षी शाळाच शेजारच्या गावात.

"ताई, पोरगी गुणाची हाये, मी काय नाई म्हणत नाई. पण तिनं माह्या शाळेचा रोवणा उपटला."

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. थंड चहा एका घोटात पिऊन गेले.

आळीतली ती दोन घरं. माझं कौतुक ऐकूनच त्यांची पोरं पाळीवर जायला लागली. आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

१९ जुलै, शनिवार

तिला सांगायला हवंच होतं. दुसऱ्या कोणी चौकात सांगण्यापेक्षा मी. ओसरीवर बसवून सगळं सांगितलं, गुरुजींचं वाक्यसुद्धा.

रडली नाही. आधी विचारलं, "खिचडी फेकली का मंग?" मग पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसली.

"म्हणजे काकू, मी मास्तरीण झाली अन् शाळा बंद पडली?"

तसं नाही गं, म्हटलं. 

संध्याकाळी सुनंदा म्हणाली की जेवली नाही. आता नर्सिंगला जाते म्हणून बापाला सांगितलंही. देवराव खूश व्हायला हवा होता. तो म्हणे अंगणात जाऊन बसला.

२१ जुलै, सोमवार

सकाळी आवाज आला म्हणून बाहेर पाहिलं. प्र. पुढे, मागे पोरांची सगळी वरात. एकेका दारापुढे थांबून हाका. शाळेकडे.

रोशनी दारातून हलेना. कडेवरचा भाऊ वर्गात चालत नाही, त्याला घरी ठेवायला कोणी नाही, आई बांधीत. एवढं साधं होतं. मोठ्या मुली शाळा बुडवतात त्या खेळायला नाही, कडेवरच्यासाठी. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी बघतो.

प्र.ने हात पुढे केले. "दे त्याले माह्याजवळ. तू जाय."

तो तिच्या खांद्यावर जाऊन जोरात रडला. ती तशीच पुढच्या दाराशी.

२४ जुलै, गुरुवार

पाळीवर गेले होते. वर्ग नाही. जुड्या मोजणारं कोणी नाही. पळसाच्या फांदीला लुगड्याची झोळी, तिच्यात एक तान्हं, एक माती खातंय, एक प्र.च्या वेणीला लोंबकळतंय. तिच्या ओढणीची काय अवस्था.

विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "येते ना. शिकवाले कोणीच नाई, काकू." आणि झोळीला झोका दिला.

खालून कौसल्याबाई म्हणाली, "पयले मास्तरीण होती, आता दाई झाली वो." बायांना हसायला निमित्तच हवं असतं. हिने वरून सांगितलं, "दाईच्या भरोशावर शाळा भरून राहिली, मावशी." मग कौसल्याबाई जास्त हसली.

परतताना शाळेवरून आले. पाढे चालू होते, बेसूर. गुरुजी दारात दिसले. हात जोडले. मला कशाला.

पुस्तकात याला शिकवणं म्हणत नसतील. सिस्टर अ‍ॅग्नेस काय म्हणाल्या असत्या? कदाचित तिच्या खांद्याला धरून तिला माझ्याशेजारी आणून बसवलं असतं.

२९ जुलै, मंगळवार

देवराव आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओसरीवर टेकला, एरवी अंगणातूनच बोलतो. मामाचा फोन होता. शुक्रवारी पोरीला घेऊन नागपूरला या, नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाईल. भंडाऱ्यालाही प्रवेशाचे हेच दिवस.

"काकू, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, पोरीले कोठं टाकू?"

महिनाभर इतकं बोलले मी. डी.एड. म्हणावं आणि उद्या ती मोबाईलच्या दुकानात. नर्सिंग म्हणावं तर ती आता जाईल, मुकाट जाईल, तेच मला नको आहे. म्हटलं, तिला विचारलंत?

"इचारलं ना. ते म्हणते, बाबा, शाळा राहाले पायजे. मी तिच्यात असो का नसो." मग म्हणाला, "आता अशा पोरीले बापानं काय सांगावं?"

आतून हे आले. मला वाटलं, आता ऐकवतील मधात पडू नको म्हणून. त्याच्या शेजारी बसले आणि यंदाच्या धानाचं बोलायला लागले. दोघं बराच वेळ धानाचंच बोलत होते.

३१ जुलै, गुरुवार

प्र. आली. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्यात, लाल भडक. बसवून तेल-हळद लावली. पाय मागे घेत होती, तुमी कायले लावता म्हणून. म्हटलं गप बस.

काय ठरलं, विचारलं.

"बाबा म्हणे, उद्या चाल. भंडाऱ्याले उतरायचं का तसंच नागपूरले जायचं, ते बसमधी ठरवू."

"तुझ्या मनात काय आहे?"

पाय पदराआड घेत म्हणाली, "पयले मले वाटे का फळ्यासमोर उभी राह्यली का झाली मास्तरीण. आता तसं नाई वाटत. म्हणून जास्तच भेव वाटून राहिलं, काकू."

आजारी माणसांचं का, विचारणार होते. हळदीची वाटी उचलून ठेवली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळच्या बसने दोघं गेले. देवरावने इस्त्रीचा सदरा घातला होता, पिशवी स्वतःच धरली. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली, दोघांना संध्याकाळपर्यंत पुरेल इतकी. प्र. खिडकीशी बसली. हात हलवला नाही, नुसती बघत राहिली.

बस वळल्यावर मागे वळले तर रोशनी. शाळेचा ड्रेस, पाठीवर दप्तर, कडेवर भाऊ. तिची आई आज कौसल्याबाईबरोबर दुसऱ्यांच्या बांधीत, त्यांचा रोवणा अजून उरलाय. फक्त उभी.

मी हात पुढे केले.

दिवसभर तो इथेच आहे. यांचा चष्मा दोनदा ओढून झाला; आधी कुरकुरले, मग स्वतःच घोडा झाले. दुपारी शेजारची आणखी एक मुलगी आपली बहीण ठेवून शाळेत पळाली. ओसरीवर दूध सांडलंय, मुंग्या लागल्या आहेत. हे लिहितानासुद्धा पेन ओढणं चालू आहे, म्हणून अक्षर असं.

शाळा सुटली. रोशनी आली, भावाचा पापा घेतला, पण न्यायची घाई नाही. माझ्याबरोबर ओसरीवर उभी राहिली रस्त्याकडे बघत.

पाचची बस आत्ता येऊन गेली. ते दोघं तिच्यात नव्हते.

सुनंदा दारात उभी आहे. भंडाऱ्यालाच रांग लागली असेल का, की पुढे नागपूरला गेले, विचारतेय. फोन लागत नाही. रात्रीची अजून एक बस आहे, तिची वाट बघतो.