कोऱ्या पाठीची जमीन

बाबा,

आईनं परवा कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं, की प्रेसमधलं तुमचं छपाईचं मशीन सुटलं ते माझ्या पत्त्यांपायी. अगदी सहज म्हणाली, दूध उतू गेलं हे सांगावं तसं. हल्ली सकाळी काय जेवली ते तिला संध्याकाळी आठवत नाही, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं तोंडावर येतं, आणि त्यातलं मला काय सांगायचं नव्हतं हे मात्र ती विसरून जाते. मी लॅबमधून नुकती आले होते. दिवसभर उभं राहून लोकांचं रक्त काढून पाय भरून आले होते. मी विचारलं, "कुठले पत्ते?" तर म्हणाली, "तेच ग तुझे, जमिनीचे. प्रेसच्या शेठना अहमदाबादहून फोन नव्हता का आला?" आणि पुन्हा कोथिंबिरीत डोकं घातलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. आज रविवार, आई दुपारची झोपली आहे, म्हणून बसले आहे.

ते पत्ते आपल्याकडे कसे आले हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मला ते ओळीनं आठवून बघायचं आहे. मी बारावीत होते. आपण गोरवा भागातल्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी सायकलनं गोत्रीला ट्यूशनला जायचे. तिथं माझ्या बाकावरचा एक मुलगा होता, त्याचा मामा न्यूजर्सीहून पार्सलं पाठवायचा, आणि त्यातच तो खेळ आला. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाकडे आपापले साठ पत्ते. त्यात सैनिक, राक्षस, जादू, सगळं असतं, पण यातलं काहीही टेबलावर आणायचं तर आधी जमीन लागते. जंगलाच्या पत्त्यातून हिरवी शक्ती मिळते, डोंगराच्या पत्त्यातून लाल. साध्या जमिनींना काही किंमत नाही, त्या कुणीही मूठभर देऊन टाकतं. पण एका पत्त्यावर जंगल आणि डोंगर दोन्ही आहेत. तो हातात असला की लाल हवं तर लाल, हिरवं हवं तर हिरवं, थांबणं नाही, काही गमवावं लागत नाही. खेळ निघाला त्या पहिल्या काळात तसले पत्ते छापले, मग कंपनीनं बंद केले. त्या मुलाकडे असे चार होते. माझ्याकडे एकही नव्हता, आणि मी डाव हरायचे ते नेहमी एकाच तऱ्हेनं, हातात चांगली पानं अडकून पडलेली आणि समोर नको त्या रंगाची जमीन.

हे मी तुम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. आई पोळ्या करत होती, तुम्ही पाटावर बसून नखांतली शाई रॉकेलच्या बोळ्यानं काढत होता. आईला वाटलं पोरगी जुगार खेळते. तुम्ही मात्र पूर्ण ऐकून घेतलंत, मधे दोनदा थांबवून विचारलंत, आणि मग हसलात. म्हणालात, "आपल्या खापरपणजोबांना सरकारातून तलवार मिळाली, जमीन काही मिळाली नाही. तू तरी मिळव." दुसऱ्या दिवशी म्हणालात, "त्या मुलाकडून एक पत्ता दोन दिवस मागून आण. कशाला ते सांगून आण." मी सांगून आणला. तुम्ही खिशातलं भिंग काढून तो पत्ता खिडकीपाशी धरलात आणि कडेपासून कडेपर्यंत सावकाश पाहत गेलात. मग मला जवळ बोलावलंत. भिंगाखाली जंगल नव्हतंच, नुसते चार रंगांचे ठिपके, बारीक फुलांसारखे जमलेले. तुम्ही म्हणालात, "बघ, किती सुंदर काम केलंय. कुणीतरी आपल्यासारखाच माणूस मशीनवर उभा असणार."

जुन्या गावातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत तुमच्या ओळखीच्या एका माणसानं नवाच कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्याकडून तुम्ही त्या पत्त्याची छपाईसाठीची फिल्म काढून घेतलीत. प्रेसमध्ये तेव्हा खोकल्याच्या औषधाचे खोके छापायचे होते. त्या मोठ्या शीटच्या कडेला जी पट्टी कापून रद्दीत जाते, तिथं तुम्ही माझी जमीन बसवलीत. चार वेळा, कारण डेकमध्ये, म्हणजे एकाच्या साठ पत्त्यांत, एकसारखे चारच पत्ते चालतात, हे तुम्ही लक्षात ठेवलं होतं. घरी आणलेत तेव्हा ते वर्तमानपत्राच्या घडीत होते, कोपरे ब्लेडनं गोल केलेले. मी उलटून पाहिले. पाठ कोरी, पांढरी. "बाबा, मागचं?" तुम्ही म्हणालात, "मागचं नाही छापायचं. पाठ कोरी राहू दे. म्हणजे कुणाची फसवणूक नाही. खेळायला दिलेत, खपवायला नाही." पत्ते रंगीत प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून खेळतात, मागची बाजू दिसतच नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. बहुतेक नसावं.

गोत्रीच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली आमचे डाव रंगायचे. मी तो पत्ता टाकला की सगळे ओरडायचे, "आवी गई गोरवानी जमीन!" कुणाची काही तक्रार नव्हती. मी जिंकायला लागले होते. त्या चार पत्त्यांनी सगळा खेळच बदलला. हात अडकेना, पहिल्या फेरीपासून हवं ते खेळता येऊ लागलं. हुशारी आधीही होतीच माझ्याकडे, तिला फक्त उभं राहायला जागा नव्हती असं मला वाटायचं. सतरा वर्षांच्या मुलीला असं वाटतं. आता लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना माझ्या मनात असलं काही येत नाही.

मग अहमदाबादची स्पर्धा निघाली. माहितीच्या कागदावर लिहिलं होतं, पत्ते अस्सल हवेत. मी तो कागद तुम्हाला दाखवला, पण वेळ आणि ठिकाण दाखवण्यापुरता, खालचा भाग दुमडून. मी एकटी मुलगी, म्हणून तुम्ही सोबत आलात. रविवारची सुट्टी, इस्त्रीचा शर्ट, आईनं दिलेला पोळी-बटाट्याच्या भाजीचा डबा. एका हॉटेलच्या तळघरात टेबलं मांडली होती. पालकांना आत सोडत नव्हते, तेव्हा तुम्ही बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलात. पहिली फेरी मी जिंकले. दुसऱ्या फेरीत समोरचा मुलगा माझी पानं पिसत होता, आणि एक पाकीट बाजूनं फाटलं. पत्ता अर्धा बाहेर आला. त्यानं तो उलटा केला आणि मोठ्यानं म्हणाला, "आनी पाछळ तो कंई छे ज नहीं!" याच्या मागे तर काहीच नाही.

पंच मुंबईचा होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. त्यानं उरलेले तीनही काढून टेबलावर उलटे मांडले. चार पांढरे चौकोन. आजूबाजूची टेबलं थांबली. त्यानं हिंदीत विचारलं, हे काय आहे, तुला माहीत होतं का. आणि मी म्हणाले, "नहीं. पप्पा ने लाके दिया. बोले, असली है." घरात मी तुम्हाला बाबा म्हणायचे, बाहेर पप्पा, सगळ्या मैत्रिणींसारखं. तो शब्द मला त्या वेळी फार सोपा गेला, जणू दुसऱ्याच कुणाचे वडील.

तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही चप्पल दाराशी काढून आलात, त्या तळघरात, जिथं सगळे बूट घालून बसले होते. पंच म्हणाला, "अंकल, ये आपने दिया? आपने बोला असली है?" तुम्ही टेबलावरचे पत्ते पाहिलेत. मी त्या मुलाच्या घड्याळाकडे बघत होते. तुमचा आवाज ऐकू आला, "हां. मैंने बनाया है. इसको मालूम नहीं था." आयोजक म्हणून एक दुकानदार होता, तो पुढे झाला. "बनाया? किधर बनाया?" तुम्ही त्याला प्रेसचं नाव सांगितलंत, गोरवाचं, पूर्ण. कुणीही दुसरं काहीतरी सांगितलं असतं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. ती फेरी मी हरले असं ठरलं, चार जमिनींच्या जागी चार साध्या घालायच्या आणि पुढं खेळायचं. तुम्ही चप्पल घालून पुन्हा पायरीवर जाऊन बसलात.

परतीच्या गाडीत तुम्ही डबा उघडलात आणि माझ्यापुढं धरलात. नडियाद गेलं, आणंद गेलं, तो विषय निघाला नाही. मला वाटलं, संपलं. चार-पाच दिवसांनी मी आईपाशी कुरकुरत होते, की बाबांनी उगाच खरं सांगत बसून सगळ्यांसमोर लाज काढली. तुम्ही मोरीत हात धूत होता. हात पुसत बाहेर आलात आणि अगदी हळू म्हणालात, "तू काय बोललीस त्याचं मला काही नाही. घाबरलीस, बोललीस. पण मी आत आलो तेव्हा माझ्याकडे बघायचं होतंस. एकदा तरी." मला दुसरं कधी तुम्ही रागावल्याचं आठवत नाही. मी तेव्हाही तुमच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर महिनाभरानं तुम्ही घरी सांगितलंत, की डोळ्यांना त्रास होतो म्हणून मशीन सोडलं, आता खोके घडी करून चिकटवतात त्या खात्यात बसतो. मी विश्वास ठेवला. मी का ठेवणार नाही? उलट मला बरंच वाटलं. तुमची नखं स्वच्छ दिसायला लागली. कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या की तुम्ही पाण्याचे ग्लास आणून द्यायचा, आणि तुमच्या बोटांवर आता निळं-काळं काही नसतं, हे मला आवडायचं. तुम्ही जाईपर्यंत सात वर्षं ती नखं तशीच स्वच्छ होती.

आई बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून लवकर निघून गोरवाला गेले. प्रेस आता नाही. तिथं टाइल्सचं गोडाऊन आहे, बाहेर टेम्पो उभे असतात. पण तुमच्याबरोबर मशीनवर असायचे ते काका मागच्याच गल्लीत राहतात. खूप थकले आहेत, कानाला कमी ऐकू येतं. मी कोण ते कळल्यावर त्यांनी सुनेला चहा टाकायला लावला. मी विचारलं तेव्हा आधी नाहीच म्हणाले, मग सांगितलं. अहमदाबादच्या दुकानदारानं शेठना फोन केला होता, की तुमच्या प्रेसमधून नकली माल निघतो. औषधांच्या खोक्यांचं काम, तिथं एकेक शीट मोजून आत जाते आणि मोजून बाहेर येते. औषध कंपनीच्या कानावर गेलं असतं तर सगळं कामच हातचं गेलं असतं. शेठ घाबरले होते. काका म्हणाले, "बेन, शेठे तो रस्तो आप्यो हतो. कह्युं, प्लेटवाळानुं नाम दई दे, वात पूरी." शेठनीच सुटायचा रस्ता दिला होता, प्लेटवाल्याचं नाव घेऊन. छपाईची प्लेट करणारा पोरगा नवा होता, आठवडाभरात काढून टाकला असता, कुणाला काही वाटलं नसतं. तुम्ही नाही म्हणालात. मीच चिकटवलं, मीच छापलं, एवढंच सांगितलंत. एकोणीस वर्षं त्या मशीनवर होता म्हणून काढलं नाही, खाली बसवलं. काका म्हणाले, पहिले काही दिवस तुम्ही मशीन सुरू झाल्याचा आवाज आला की हातातली घडी सोडून उठायचा, आणि मग आठवून पुन्हा बसायचा.

चहा निवला होता. मी तो तसाच प्यायले आणि निघाले. आता आम्ही गोत्रीला राहतो, पार तिथपर्यंत रिक्षात मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. नुसता थकवा. घरी आले तर आई गॅस चालू ठेवून बाहेर गॅलरीत बसली होती. तिला ओरडले. मग तिचं तोंड बघून आत गेले. कुकर लावला. हे सगळं तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझ्या लग्नाचं बघत होता, फॉर्म भरायला माझ्याबरोबर रांगेत उभे राहत होता, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला विचारत होता की रिक्षा मिळाली का. एकदा सांगितलं असतंत तर. सांगून काय झालं असतं, तेही मला नीट सांगता येत नाही. मी कदाचित पुन्हा दुसरीकडेच बघितलं असतं.

आई उठलीय, आतून हाक मारतेय, तिला चहा हवा असेल. हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही, टाकणारही नाही, बिलांच्या पिशवीत राहील. एक गोष्ट मात्र काकांनाही माहीत नाही आणि आईलाही नाही. त्या दिवशी तुम्ही पायरीवर परत गेल्यावर मी साध्या जमिनी घालून पुढचे तीनही डाव जिंकले. शेवटचा डाव तर इतका सुरेख पडला, की पंचसुद्धा मागे येऊन उभा राहिला. मला फार आनंद झाला होता बाबा, तेवढा वेळ तुम्ही बाहेर आहात हेही मी विसरले होते. बाहेर यायची वेळ झाली तेव्हा आठवलं, आणि दार ढकलण्याआधी मी चेहरा पाडून घेतला.